इथून काही काढलं आहे

तार्तूत नोव्हेंबरात दुपारीच दिवे लावावे लागतात.
तिसऱ्या मजल्यावर आम्ही पाच जण
इस्पितळांच्या रक्ततपासण्यांचं सॉफ्टवेअर सांभाळतो
आणि खिडकीखालून एमायोगी नदी
कसलीच नोंद न ठेवता वाहत असते.

माझा पहिला आठवडा. माझ्या फांदीवर एकेचाळीस कमिट.
संदेश असे: दुरुस्ती. पुन्हा दुरुस्ती.
राहिलेला स्वल्पविराम. आता तरी चाल.
अरे देवा.
कालचं सगळं उलटं फिरवलं.

तानेल म्हणाला, केर्तू, हे सगळे दाबून एकच कर,
वर एक नीटनेटकं वाक्य लिही,
जणू पहिल्या फटक्यातच सुचलं होतं.
सगळे तसंच करतात.

मी नाही करत, हेल्दुर म्हणाला,
आणि काळ्या पावावरची खारवलेली मासळी
खात राहिला.

एकसष्ट वर्षांचा हेल्दुर.
एकेकाळी त्याने चुंबकी फितींवर प्रती ठेवल्या,
मग फ्लॉप्यांवर, मग
'शेवटचं', 'खरंच शेवटचं', 'शेवटचं दोन' अशा फोल्डरांत.
आता कुठल्याही ओळीवर बोट ठेवलं
की कुणी लिहिली, कधी, ते कळतं.
त्या आज्ञेचं नाव ब्लेम.
आम्ही ती खापर फोडायला वापरतो.
तो ख्यालीखुशाली विचारल्यासारखी वापरतो:
ही ओळ पिरेतची. आठवा महिना होता तिला,
पाय सुजलेले, तरी बघ,
एक कंस उघडा सोडला नाही.

कॉफीच्या यंत्रापाशी एकदा, मी न विचारताच, त्याने सांगितलं:
त्याच्या आजोळच्या चर्चच्या वहीत
एक नाव ब्लेडने खरवडलेलं आहे.
मामाचं. एकोणपन्नास सालचं.
कुणी खरवडलं, का, कुणाच्या सांगण्यावरून,
शेजारी एक अक्षर नाही.
पान उजेडासमोर धरलं
की तेवढ्याच जागेतून
जरा जास्त उजेड येतो.
साखर घेतोस का, असं विचारणार होते मी.
नाही विचारलं.

गुरुवारी रात्री पावणेअकराला मला दिसलं:
चाचणीची म्हणून जी फाइल मी पुश केली होती
तिच्यातली माणसं खरी होती.
तीनशे बारा नावं, जन्मतारखा, कुणाच्या रक्तात काय.
फाइल उडवून भागत नाही,
जुना कमिट पोटात सगळं धरून बसतो.
मी त्याला फोन केला. रडत केला, हेही इथे नोंदवते.

टोपीवरचा बर्फ न झटकता
तो माझ्या खुर्चीत बसला.
त्या जागेपासून पुढचा सगळा इतिहास
नव्याने लिहायचा,
प्रत्येक कमिटचा आकडा बदलणार,
प्रत्येकाला आपापली प्रत टाकून द्यावी लागणार.
आज्ञा टाइप करून तो थांबला.
हीटर टकटक करत होता.
मग त्याने एंटर दाबलं,
दार हळू लावावं, तसं.

मला वाटलं, झालं.
पण त्याने आणखी एक कमिट केला, रिकामा,
ज्यात एकही फाइल बदलत नाही.
संदेश लिहिला:
'इथून काही काढलं आहे.
काही माणसांची नावं, जी इथे यायलाच नको होती.
काढली मी, हेल्दुर साआर, रात्री पाऊण वाजता.
शंका असेल तर मला विचारा.'

माझं नाव घाला ना, मी म्हटलं, चूक माझी आहे.
चूक तुझी, तो म्हणाला. पुसणं माझं.

सकाळी तानेल कुरकुरत
सगळं पुन्हा उतरवून घेत होता,
नेटवर्क मंद होतं.
माझी फांदी दुपारी मर्ज झाली,
ते एक पान सोडून होती तशी,
'अरे देवा'सकट.